लाकडाचे विमान
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस महाशयांनी आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय आमच्यावरच सोपविला. पलीकडच्या मेजावर काचेच्या पेटीत जे छोटे विमान ठेवले आहे, त्याकडे सभागृहात शिरताना आपणांपैकी बहुतेकांची नजर गेली असेलच. काही बालगोपाळांनी तर पेटीचे झाकण उघडण्याचाही यत्न केला, असे कानी आले आहे. ते विमान हाच आजचा विषय. ते कोणाचे, आपल्या मुलामुलींनी ते कसे घडविले आणि सुतार ज्ञातीच्या मंडळाने अशा उद्योगात का पडावे, याविषयी आम्ही बोलणार आहोत.

विमान म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे लोहगावच्या विमानतळावरील चकचकीत धातूचा पक्षी उभा राहतो. परंतु १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंनी जे यंत्र उडविले त्याची हाडे लाकडाची होती आणि कातडी कापडाची. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे बहुतेक विमाने तशीच होत असत. स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाचे सरळ धाग्याचे, हलके लाकूड मुख्य दांड्यांना. जेथे धक्का बसावयाचा तेथे अ‍ॅशचे चिवट लाकूड. त्यावर लिननचे कापड शिवून ताणावयाचे, आणि कापडाला डोप नावाचे रोगण देऊन ते ढोलकीच्या पानासारखे घट्ट करावयाचे. हे काम करणारे कोण होते? पहिल्या महायुद्धात इंग्लंडात विमानांची मागणी अफाट वाढली, तेव्हा सरकारने लाकूडकामाचे कारखाने धुंडाळले. ब्रिस्टल कंपनीची पहिली विमाने ट्रामगाड्यांच्या शेडमध्ये तयार झाली. सॉपविथ कंपनीने आपला कारखाना एका जुन्या स्केटिंगच्या दिवाणखान्यात थाटला. आणि राजघराण्याच्या बग्ग्या बांधणारी लंडनची हूपर कंपनी, तिच्याकडेही लढाऊ विमाने बांधण्याचे काम आले. खुर्च्या, कपाटे, गाड्या करणाऱ्या हातांनी विमाने केली. म्हणजे, बंधूंनो, ज्या धंद्याला आपण आज थोडेसे लाजतो, त्या धंद्याच्या खांद्यावर बसूनच मनुष्य प्रथम आकाशात गेला.

प्रतिकृती करावयाची ठरली खरी, पण कोणत्या विमानाची? मुलांच्या सभेत तीन सूचना आल्या. पहिली सूचना अर्थातच शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाची. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडविले, अशी गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला, त्यामुळे मुलांना ती तोंडपाठ. दुसरी सूचना बॉक्सकाइटची. १९११ च्या जानेवारीत औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, इंग्रज फौजेच्या कवायती चालू असता जुलेरो नावाच्या फ्रेंच वैमानिकाने हे ब्रिस्टलचे विमान उडविले आणि कॅप्टन ब्रँकर यांनी त्यात बसून वरून सैन्याची टेहळणी केली. हिंदुस्थानात लष्करी कामासाठी विमानाचा उपयोग पाहण्यात आला तो असा, आपल्या मराठवाड्याच्या मातीवर. (हेच ब्रँकर पुढे इंग्लंडच्या मुलकी विमानखात्याचे प्रमुख झाले आणि हिंदुस्थानाकडे निघालेल्या आर-१०१ या हवाई जहाजाच्या अपघातात ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये मृत्यू पावले.) तिसरी सूचना आमची होती : सॉपविथ डॉल्फिन.

तळपद्यांच्या विमानाचा विचार आम्ही मुलांसह पुष्कळ केला. प्रतिकृती करणाऱ्याला अभिमानाच्या आधी मापे लागतात. पंख किती लांब, दांडा किती जाड, सांधा कोठे, वजन किती? तळपद्यांच्या यंत्राचे असे एकही विश्वसनीय मापचित्र नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाबरोबर जी चित्रे दाखविली जातात ती बंगळूरच्या एका नकाशाकाराने १९२० नंतर काढलेली आहेत. १९७४ साली तेथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तो ग्रंथ तपासला आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास असमर्थ आहेत, ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे, असा निर्णय दिला. तळपदे यांनी यत्न केला, त्या काळी तसे स्वप्न पाहिले, याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु जे आम्हांस मोजता येत नाही ते मुलांच्या हातून घडवून घेणे आणि खाली नावाची पाटी लावणे, हे आम्हांस शिक्षकाच्या धर्माला सोडून वाटले. सातवीतल्या एका मुलीने मग विचारले, "गुरुजी, मग आपण आपल्या मनाने केले तर?" आम्ही म्हणालो, "खुशाल कर, बाळ. पण त्याला खेळणे म्हण, प्रतिकृती म्हणू नकोस." तिला ते पटले. चार दिवसांनी तिने पुठ्ठ्याचे एक फार सुंदर खेळणे करून आणले, हेही सांगितले पाहिजे.

बॉक्सकाइट आम्ही पुढल्या वर्षासाठी ठेवले. ते सगळेच उघड्या काठ्यांचे आणि तारांचे, पहिल्या खेपेस न झेपणारे. राहिले डॉल्फिन.

डॉल्फिन निवडण्याचे कारण एक मनुष्य होता. श्रीकृष्ण चंद्र वेलिणकर यांचा जन्म मुंबईत २४ ऑक्टोबर १८९४ रोजी झाला. शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले आणि तेथे असतानाच महायुद्ध पेटले. हिंदी तरुणाला अधिकाऱ्याची सनद द्यावयास इंग्रज सरकार प्रथम राजी नव्हते. हरदितसिंग मलिक यांच्यासारख्या ऑक्सफर्डच्या पदवीधरालाही आधी फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवावी लागली. १९१७ साली हे दार किंचित उघडले आणि चार हिंदी तरुण लढाऊ वैमानिक म्हणून आत शिरले : मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल सेन आणि आपले वेलिणकर. रॉय यांनी १९१८ च्या जुलैत अवघ्या चौदा दिवसांत शत्रूची दहा विमाने पाडली व त्याच महिन्यात ते पडले. त्यांचे नाव तरी कोठे कोठे घेतले जाते. मलिक पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. वेलिणकर मात्र महाराष्ट्रातही कोणाला ठाऊक नाहीत. ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन चालवीत असत. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले त्यांचे विमान परतले नाही. घायाळ होऊन ते जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जून रोजी त्यांनी देह ठेवला. वय तेवीस. फ्रान्समध्ये आमियाँ शहराजवळ हँगार्ड नावाचे खेडे आहे, तेथील दफनभूमीत त्यांची कबर आहे.

येथे कोणी म्हणेल, इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढलेल्याचे कौतुक आपण कशाला करावे? मुलांतही हा वाद झाला आणि तो आम्ही मुद्दाम मिटविला नाही. आमचे स्वतःचे मत विचाराल तर, ज्या सरकारने हिंदी माणसाला अधिकारी होण्यास नालायक ठरविले होते, त्याच्याच यंत्रात बसून त्या निर्णयाला खोटे पाडणारा तो तरुण होता. एवढे आम्हांस पुरेसे वाटते.

आता विमानाकडे वळू. डॉल्फिनचे पहिले उड्डाण २३ मे १९१७ रोजी झाले. हर्बर्ट स्मिथ यांनी ते आखले होते आणि अशी दोन हजारांवर विमाने पुढे बांधली गेली. त्याचे रूप विलक्षण आहे. एरवी दुपंखी विमानात वरचा पंख किंचित पुढे असतो व खालचा मागे. येथे उलटे : खालचा पंख सुमारे फूटभर पुढे सरकलेला. वैमानिकाला वरचे व पुढचे आकाश निर्वेध दिसावे म्हणून त्याचे डोके वरच्या पंखाच्या मधोमध ठेवलेल्या उघड्या चौकटीतून बाहेर काढले होते, आणि वजनाचा तोल साधण्यासाठी पंख असे उलटे सरकवावे लागले. हे रूप इतके अनोळखी होते की पहिले यंत्र फ्रान्समध्ये नेले तेव्हा दोस्तांच्याच तोफांनी त्याला शत्रू समजून त्यावर मारा केला. वैमानिकांनाही प्रथम धास्ती वाटे. कारण उतरताना विमान उलटले तर सर्वांत आधी जमिनीला लागावयाचे ते त्यांचेच डोके. पुढे मात्र त्यांचा त्यावर लोभ जडला. त्याच्या इंजिनाने, दोनशे अश्वशक्तीच्या हिस्पानो-सुइझाने, फार छळले. त्यातील दातेरी चाकांचे पोलाद नीट कडक झालेले नसे आणि ती हवेतच निकामी होत. सुताराचे काम चोख आणि लोहाराचे कच्चे, असा हा प्रकार. आमच्या लोहार मित्रांनी क्षमा करावी.

प्रमाण आम्ही फुटाला अर्धा इंच, म्हणजे एकास चोवीस, असे धरले. मूळ पंखविस्तार ३२ फूट ६ इंच, तो झाला सोळा इंच दोन सूत. लांबी २२ फूट ३ इंच, ती अकरा इंच एक सूत. उंची ८ फूट ६ इंच, ती चार इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. परंतु आमच्या कार्यशाळेतील अकरा मुलांपैकी दहांना हा शब्द ठाऊक नव्हता. पाठ्यपुस्तकातील अपूर्णांकांशी दोन वर्षे झगडलेला एक मुलगा सुताची पट्टी हाती आल्यावर एका दुपारी अपूर्णांक शिकला. आम्ही वर्गात खडू घेऊन चौतीस वर्षे जे केले त्याविषयी यावरून आम्हांस जे वाटले ते आम्ही येथे सांगत नाही.

तयार पेटी आणून तुकडे चिकटविण्याचाही एक मार्ग आहे. तो आम्ही टाळला. संगणकावर मिळणारी जुनी मापचित्रे अप्पा बळवंत चौकात मोठी छापून घेतली आणि भिंतीवर डकविली. लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातून निवडून आणले : मुख्य दांड्यांना सरळ धाग्याच्या सागाच्या चिपा, भरीच्या जागी हलका बाल्सा. सामान बोहरी आळीतले. हत्यारांसाठी मात्र आम्ही रविवारी जुन्या बाजारात गेलो, आणि तेथे जे पाहिले ते बोलल्यावाचून राहवत नाही. फरशीवर पसरलेल्या भंगारात शिसवी ठोकळ्यांचे रंधे, हातात धरून धरून मूठ गुळगुळीत झालेल्या पटाश्या, पितळेची पट्टी बसविलेले गुण्ये पडले होते. एका रंध्याच्या पाठीवर मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरे कोरलेली होती. ही हत्यारे कोणाच्या घरांतून तेथे आली असतील, हे सांगावयास ज्योतिषी नको. आम्ही सहा रंधे व नऊ पटाश्या घेतल्या. धार लावल्यावर एकही नवे हत्यार त्यांच्या तोडीस उतरले नाही.

पंखाच्या फासळ्या एकेक कापल्या तर सारख्या होत नाहीत. त्यासाठी पातळ फळ्यांच्या चिपा एकावर एक रचून चळत करावयाची, दोन्ही अंगांना पत्र्याचा साचा धरून खिळे ठोकावयाचे आणि सगळी चळत एकदम कानस व काचकागदाने घासून काढावयाची. मग पाने सुटी केली की सर्व फासळ्या एका आईची लेकरे. पंखाची गोल टोके वाकविण्यास लाकूड मानेना. तेव्हा पतंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वाट दाखविली : बांबूची कामटी भिजवून मेणबत्तीच्या आचेवर हळूहळू वळवावयाची. वर घातला तोही पतंगाचाच पातळ कागद, कारण खरे कापड या मापात गोणपाटासारखे जाड दिसले असते. पाण्याचा हात फिरवून वाळविला की तो आपोआप ताणला जातो. वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना ज्या पाणी निवविण्याच्या जाळ्या होत्या त्या चहाच्या गाळणीतून निघाल्या, बंदुकांच्या नळ्या इंजेक्शनच्या सुयांतून, धूर बाहेर टाकणारे नळ तांब्याच्या नळीतून आणि चाकांचे टायर नळाच्या वायसरांतून. एका मातोश्रींची गाळणी घरातून न विचारता आणली गेली होती. ती मंडळाच्या खर्चाने भरून देण्यात आली.

सर्वांत जिकिरीचे काम तारांचे. दोन पंख, त्यांमध्ये प्रत्येक बाजूला चार खांब, आणि त्या चौकटींत तिरक्या ओढलेल्या तारा. मुलांना हे कोडे उलगडेना. तेव्हा कार्यशाळेत येणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठ सुतारबंधूंनी छपराची कैची काढून दाखविली. कैचीत एक काठी दाब सोसते व दुसरी ताण. तसेच येथे खांब दाब सोसतात आणि तारा ताण. विमान उडत असता हवा पंख वर उचलते, तेव्हा एका तिरप्या तारा त्यांना धरून ठेवतात. जमिनीवर उभे असता पंख स्वतःच्या वजनाने खाली ओढले जातात, तेव्हा दुसऱ्या तिरप्या तारा. आमच्या सुतारबंधूंचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी आपल्याच ज्ञातीची एक कन्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काका, आम्हांला हे सहा महिने शिकविले, पण मला आज समजले." तारांसाठी आम्ही माशाच्या गळाची सर्वांत बारीक तंगूस वापरली. एक तार अधिक ओढली की पलीकडची ढिली पडते आणि पंख मुरडतो. हे ताण जुळविण्यात सलग पाच रविवार गेले.

या कामातून निघालेला एक हिशेब सांगतो, कारण तो मघाच्या वादाशी निगडित आहे. वस्तूची लांबी चोवीस पटींनी कमी केली तर तिच्या दांड्याचा छेद ५७६ पटींनी कमी होतो, आणि वजन १३,८२४ पटींनी. म्हणजे वजन जितके घटते तितकी ताकद घटत नाही. लहान वस्तू आपल्या वजनाच्या मानाने पुष्कळ बळकट असते. मुंगी आपल्याहून जड दाणा उचलते आणि हत्तीला ते जमत नाही, त्याचे कारण हेच. डॉल्फिनचे रिकामे वजन सुमारे ६४० किलो होते. आमच्या प्रमाणात ते ४६ ग्रॅम व्हावयास हवे. आमच्या साग-बाल्शाच्या विमानाचे भरले ११२ ग्रॅम, आणि तरीही ते एका बोटावर तोलून उभे राहते. याचा अर्थ असा की लहान नमुना उभा राहिला, किंबहुना हवेत तरंगलाही, तरी तेवढ्यावरून त्याच आकाराचे मोठे यंत्र माणसाला घेऊन उडेल असे सिद्ध होत नाही. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा तळपद्यांचा आग्रह धरणारा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "म्हणजे वजन किती होते हे कोणी लिहून ठेवले असते, तर आपल्याला ठरविता आले असते?" एवढ्या एका प्रश्नासाठी सबंध वर्ष खर्ची पडले असते तरी आम्हांस वाईट वाटले नसते.

आता एक अप्रिय गोष्ट. दुसऱ्याच रविवारी एक पालक आम्हांस भेटावयास आले. ते म्हणाले, "गुरुजी, माझे वडील आयुष्यभर रोजंदारीवर रंधा मारीत होते. साठीत त्यांना गुडघे टेकता येत नव्हते, भुशाने छाती गेली होती. तो रंधा सोडून आमची एक पिढी कुठे नुकती कचेरीत बसली. तुम्ही माझ्या मुलाच्या हातात तो पुन्हा कशाला देता?" बंधूंनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावरील लाकडी नक्षी पाहून माना डोलविणारे पुष्कळ आहेत. ती कोरणाऱ्याला दिवसाचे किती मिळाले हे त्यांपैकी कोणी विचारीत नाही. जातीवरून धंदा ठरावा आणि धंद्यावरून माणसाची पायरी, या व्यवस्थेतून बाहेर पडण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटे घेऊन मुलांना शाळेत घातले. ते योग्यच केले. आम्ही त्या पालकांना इतकेच म्हणालो की, भाऊसाहेब, आम्ही त्याला धंदा शिकवीत नाही, आणि तो हवा तर वकील होवो. परंतु एक सूत म्हणजे किती, हे ज्याच्या बोटांना कळले त्याला पुढे कोणी गोल गोल सांगून फसवू शकणार नाही. त्यांचे समाधान पूर्ण झाले असे आम्ही म्हणणार नाही. ते आजही मुलाला एक रविवार आड पाठवितात.

मंडळाला मात्र आमचे एक मागणे आहे. दरवर्षी आपण शालान्त परीक्षेत अधिक गुण मिळविणाऱ्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करतो, आणि याच स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे छापतो. ते उचित आहे. त्याच यादीत, त्याच मानाने आणि तेवढ्याच रकमेचे, हाताने केलेल्या एका उत्तम वस्तूलाही पारितोषिक असावे. ती वस्तू लाकडाचीच हवी असे नाही. मुलगा असो वा मुलगी, वस्तू मापाने केलेली असावी आणि करणाऱ्याला तिचे प्रत्येक माप कोठून आले हे सांगता यावे, एवढीच अट. कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत आम्ही तसा लेखी ठराव देणार आहोत. विरोध करणाऱ्यांनी तो तेथे येऊन करावा, जिन्यावर करू नये.

पेटीतील विमानाच्या अंगावर लाल, पांढरी व निळी वर्तुळे आणि मागे २३ व्या स्क्वाड्रनचे पांढरे वर्तुळ आपणांस दिसेल. पाटीवर वेलिणकरांचे नाव व त्यांच्या निधनाची तारीख आहे. मुलांचा आग्रह होता की आत पावणेतीन इंचांचा वैमानिकही बसवावा. तशी एक मूर्ती कोरूनही झाली. परंतु तिचा चेहरा कोणासारखाच नव्हता, म्हणून मुलांनीच ती काढून ठेवली. जागा मोकळी आहे.

पुढील वर्षी बॉक्सकाइट हाती घ्यावयाचे आहे. त्याला बारीक रंधे पुष्कळ लागतील. ज्यांच्या घरी माळ्यावर आजोबांची हत्यारे पडून असतील त्यांनी ती जुन्या बाजारात जाऊ देण्यापूर्वी कृपया एकदा आमच्याकडे आणावी. धार आम्ही लावू, आणि ज्यांची त्यांना परत हवी असतील तर परत देऊ. कार्यशाळा दर रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या सभागृहात भरते. येणाऱ्याने पट्टी व पेन्सिल आणावी.